गाडी चालू होत नाही? मेस्त्रीला फोन करण्याआधी खाऱ्या वाऱ्यातली तपासणी

गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या वाडीत एक आवाज ठरलेला असतो. रात्रभर प्रवास करून आलेला चाकरमानी पडवीतल्या गाडीवरची ताडपत्री ओढतो, चावी फिरवतो आणि आतून येतं नुसतं 'टक्'. पुन्हा 'टक्'. मग वाडीतली चार पोरं धक्का मारायला धावतात, गाडी उतारावर नेऊन गिअरमध्ये टाकली जाते आणि शेवटी मेस्त्रीला फोन जातो. त्या दोन दिवसांत गुहागर तालुक्यात रिकामा मेस्त्री मिळणं कठीण. शिमग्याला उभी केलेली गाडी अख्खा पावसाळा तिथेच उभी असते, त्यात नवल ते काय?

मी समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर राहते. घरात एक पेट्रोल कार, एक इंजेक्शनवाली (संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी) स्कूटर आणि वडिलांची कार्बोरेटरची (जुन्या पद्धतीने पेट्रोल-हवा मिसळणारी) जुनी मोटरसायकल आहे. तीन वर्षांत कारच्या दोन बॅटऱ्या मी बदलल्या. दोन्ही वेळा सांगण्यात आलं, 'बॅटरी गेली.' तिसऱ्यांदा तेच ऐकल्यावर मल्टिमीटर आणला आणि एक दिवस स्वतः मोजत बसले. दोष निघाला बॅटरीखालच्या अर्थिंगच्या वायरमध्ये, म्हणजे बॅटरीची वजा बाजू बॉडीला-इंजिनाला जोडणाऱ्या वायरमध्ये. वरून काळं आवरण धडधाकट, आत तांब्याचा हिरवा भुगा. वायर बदलली आणि 'गेलेली' बॅटरी पुढे अडीच वर्षं चालली. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. किनाऱ्यावर गाडी चालू होत नसेल, तर वस्तूवर संशय घेण्याआधी तिच्या जोडावर घ्यावा. खारी दमट हवा तांब्या-लोखंडाच्या प्रत्येक जोडात शिरते, आणि मीठ ओल धरून ठेवत असल्यामुळे गंज आतल्या आत चालूच राहतो.

हाताशी काय हवं

एक साधा डिजिटल मल्टिमीटर, १० नंबरचा पाना (बहुतेक कारच्या बॅटरी टर्मिनलला तोच लागतो), प्लग पाना, पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, खाण्याचा सोडा, व्हॅसलिन, टॉर्च आणि स्वच्छ काचेची बाटली. एक वहीही ठेवा. आकडे डोक्यात राहत नाहीत, आणि उद्या मेस्त्रीला तेच सांगायचे आहेत.

काम उघड्यावर करा. पडवीत चूल किंवा पाणी तापवायचा बंब पेटलेला असेल तर गाडी खळ्यात ढकलून न्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत आगीपर्यंत पोचते. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका. चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा तिच्यावर वाकून काडी पेटवून बघू नका. हे सांगावं लागतं, कारण असं करणारी माणसं मी पाहिली आहेत.

आधी कान

पाना हातात घेण्याआधी एकदाच सेल मारा (चावीने किंवा बटणाने स्टार्टर फिरवा) आणि नीट ऐका. निम्मं निदान इथेच होतं.

काहीच आवाज नाही: करंट स्टार्टरपर्यंत, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरपर्यंत पोचतच नाही. आधी साध्या गोष्टी बघा. हँडलवरचं लाल इंजिन-बंद बटण, साइड स्टँड (नव्या बऱ्याच दुचाकी स्टँड खाली असेल तर चालू होत नाहीत), क्लच, न्यूट्रल. स्कूटरवाल्यांसाठी खास सूचना. ब्रेक दाबल्याशिवाय स्कूटरचा सेल लागत नाही, आणि ब्रेकच्या लिव्हरजवळचा इवलासा स्विच आपल्याकडे हमखास गंजतो. ब्रेक दाबून मागचा दिवा लागतो का ते बघा. एका बाजूने लागत नसेल तर दुसरा ब्रेक दाबून सेल मारा. माझ्या स्कूटरचं 'मोठं काम' इथेच संपलं होतं.

'टक् टक् टक् टक्' असा भराभर आवाज: बॅटरी उतरलेली, नाहीतर जोड ढिला. एकच जोरकस 'टक्' आणि पुढे शांतता: स्टार्टर अडकला, त्याचे कॉन्टॅक्ट गेले, किंवा जाड वायरीचा जोड खराब. 'घुर्र… घुर्र…' असं दमून फिरणं: पुन्हा बॅटरी किंवा जोड. सेल 'सूंऽऽ' करून मोकळाच फिरतो आणि इंजिन हलत नाही: स्टार्टरची दाती किंवा क्लच, हे काम मेस्त्रीचं. आणि इंजिन झपझप फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीचा नाद सोडून सरळ स्पार्क आणि पेट्रोलकडे वळा.

शंका असेल तर हेडलाइट लावून सेल मारा. दिवा पार विझला तर बॅटरी किंवा जोड. दिवा लख्ख राहिला आणि इंजिन हललं नाही, तर स्टार्टरपर्यंतचा रस्ता तुटलाय. दिवा थोडा मंद होणं नेहमीचं.

सेल एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, आणि मधे अर्धा-एक मिनिट थांबा. हट्टाने सेल मारत राहिलं की स्टार्टर तापतो, बॅटरी उतरते आणि प्लग पेट्रोलने भिजतो. एका दोषाचे तीन होतात.

बॅटरी: अंदाज नको, आकडा घ्या

गाडी काही तास बंद असताना मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर टोकं टेकवा. १२.६ किंवा थोडं जास्त म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ अर्धी, १२.० पाव. १०.५ च्या आसपास किंवा खाली असेल आणि चार्ज करूनही वर येत नसेल, तर बॅटरीच्या आतला एक कप्पा (यालाही सेलच म्हणतात) मेला असण्याची शक्यता दाट.

आता कुणाला तरी सेल मारायला सांगा आणि तेव्हाचा आकडा बघा. भरलेली बॅटरी सेल मारताना ९.६ च्या खाली जायला नको. जात असेल तर बॅटरी थकलीये. पण ही परीक्षा बॅटरी पूर्ण चार्ज करूनच घ्यायची. उपाशी माणसाला पोतं उचलायला लावून त्याला अशक्त ठरवू नये. गाडी चालू झाल्यावर तिसरा आकडा घ्या. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर चार्जिंग ठीक. काही नव्या गाड्यांत तो मुद्दाम वरखाली होतो. पण चालू गाडीत १२.५ च आणि तो घसरतच चाललाय, तर नवी बॅटरी घालूनही आठवड्यात तीच रड.

महिनोन्‌महिने उभ्या गाडीचा हिशोबही समजून घ्या. कार बंद असतानाही घड्याळ, अलार्म, लॉक यांना थोडा करंट जातोच. ५० मिलीअँपिअर ही त्याची सर्वसाधारण वरची मर्यादा धरतात. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी महिन्याभरात रिकामी. शिमगा ते गणपती पाच महिने होतात! यात बॅटरीचा काय दोष? आणि रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या पत्र्यांवर सल्फेट कडक होतं, मग ती खरोखरच कायमची जाते.

जोड: इथे वेळ घालवा

लहान पेट्रोल कारचा स्टार्टर इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. समजा अर्थिंगच्या जोडावर गंजामुळे ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा आला. १५० अँपिअरला तिथे दीड व्होल्ट खाल्ला जातो. बारा व्होल्टातला दीड गेला की इंजिन दमून फिरणारच. हा एवढासा अडथळा मल्टिमीटरच्या ओहमवर दिसत नाही, वायर डोळ्यालाही चांगली दिसते, आणि दिवे-हॉर्न थोडाच करंट घेत असल्यामुळे तेही व्यवस्थित चालतात. म्हणून माणूस फसतो आणि बॅटरी विकत घेतो. मीही तशीच फसले.

त्याला पकडायची युक्ती एकच: भार असताना मोजायचं. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर चित्र असतं, ते बघून पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. पदर, ओढणी, हात पंख्या-पट्ट्यापासून लांब.

मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या वजा खुंटीवर टेकवा. खुंटीभोवती आवळलेल्या वायरीच्या क्लॅम्पवर नव्हे, मधल्या शिशाच्या खुंटीवरच. लाल टोक इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर. दुसऱ्याने सेल मारायचा. आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत हवा. अर्धा, एक, दीड आला तर चोर याच बाजूला आहे. आता लाल टोक मागे मागे आणा: इंजिनावरून बॉडीच्या पत्र्यावर, तिथून अर्थिंगच्या बोल्टवर, तिथून क्लॅम्पवर. ज्या पायरीला आकडा एकदम पडेल, दोष त्या दोन जागांच्या मधे. खुंटी आणि तिचाच क्लॅम्प यांच्यामध्ये तर जवळजवळ शून्यच यायला हवा. मग हीच परीक्षा अधिक बाजूने: बॅटरीची अधिक खुंटी आणि स्टार्टरवरचा जाड वायरीचा बोल्ट. इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

मल्टिमीटर नसेल तर जंपर केबलने खात्री करा. केबलचं एक टोक बॅटरीच्या वजा टर्मिनलला, दुसरं इंजिनाच्या जाड उघड्या धातूला लावून सेल मारा. मघाशी दमलेलं इंजिन आता गरगर फिरलं, तर अर्थिंग खराब आहे हे सिद्ध झालं. दुसरा पुरावा नको.

दुरुस्ती सोपी आहे. आधी वजा टर्मिनल काढायचं, मग अधिक. बसवताना उलट, आधी अधिक आणि सगळ्यात शेवटी वजा. असं केलं की पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून टूथब्रशने पांढरी-हिरवी पूड धुवा. फेस येईल, तो आम्ल मारलं जात असल्याचा. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. साध्या पाण्याने पुसा, वाळवा, पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, जोड घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलिन लावा. वायर आतून हिरवी असेल तर घासत बसू नका, बदला. आमच्याकडे हे काम मी दरवर्षी आगोटीच्या कामांत धरते. कौलं शाकारतात, लाकडं भरतात, तशी अर्थिंग साफ होते.

स्पार्क

इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही? दुचाकीत हे तपासणं घरी जमतं. प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा) काढण्याआधी त्याच्या खळग्यातलं पाणी आणि लाल माती फुंकून किंवा ब्रशने काढा, नाहीतर जांभ्याची धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाईल. पाइप मारून धुतलेली गाडी लगेच चालू होत नसेल तर बहुतेक वेळा याच खळग्यात पाणी साचलेलं असतं.

काढलेला प्लग निरखा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल ओव्हर झालंय. पूर्ण कोरडा आणि वासही नाही, तर पेट्रोल पोचतच नाही; स्पार्क सोडून पुढचा भाग वाचा. ओला असेल तर वाळवून, साफ करून बसवा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून सेल मारा. इंजेक्शनच्या बहुतेक कारमध्येही पेडल तळापर्यंत दाबून सेल मारला की संगणक पेट्रोल थांबवतो आणि आतलं जादा पेट्रोल बाहेर निघून जातं.

ठिणगी बघायची असेल तर प्लगच्या भोकावर फडकं झाका, दुसरा चांगला प्लग वायरीच्या टोपीत घाला आणि त्याचा धातू इंजिनाला, भोकापासून दूर, पक्का टेकवून ठेवा. हातात धरू नका. सेल मारल्यावर निळसर, चटचट आवाजाची ठिणगी हवी. पिवळट-केशरी आणि अशक्त असेल तर टोपी, वायर, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) या क्रमाने संशय. प्लगची फट बऱ्याच दुचाकींत ०.७ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तोच पाळा. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या कारमध्ये हा प्रयोग घरी करू नका. तिथे स्कॅनर लावणाराच बरा.

जुन्या, लांब प्लग-वायरींच्या कारसाठी मला फार आवडणारी एक तपासणी. पावसाळी रात्री, अंगणातला दिवा बंद करून, बॉनेट उघडून सेल मारायचा. वायरींवर निळ्या रेषा सरपटताना दिसल्या तर करंट प्लगपर्यंत न जाता ओल्या आवरणावरून पळतोय. वायरी कोरड्या पुसून गाडी चालू होईल, पण त्या बदलायच्या झाल्यात.

पेट्रोल

इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन केल्यावर सेल न मारता कान द्या. दोन-तीन सेकंद बारीक 'ऊंऽ' आवाज यायला हवा. तो पेट्रोल पंप. आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग पंपाचा रिले (त्याला करंट देणारा स्विच). (मघाशी काढलेला फ्यूज परत घातलात ना?) आवाज येतोय पण सकाळी पहिला स्टार्ट अवघड जातो, तर एक प्रयोग करा. चावी तीन वेळा ऑन-ऑफ करा, दर वेळी पंप थांबेपर्यंत थांबा, आणि मग सेल मारा. झटकन चालू झाली तर रात्रीतून पेट्रोलचा दाब उतरतोय असं समजा. मेस्त्रीला हे एक वाक्य सांगितलंत तर त्याचा अर्धा दिवस वाचेल.

आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळाभर अर्धी रिकामी टाकी म्हणजे दमट हवेचं आगरच. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल-पाण्याचा थर खाली बसतो, आणि पंप नेमकं तळातूनच ओढतो. कार्बोरेटरच्या मोटरसायकलला खालच्या वाटीचा निचरा-स्क्रू असतो. तो सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, अर्धा तास ठेवा आणि उजेडात धरा. दोन थर दिसले, तळाशी थेंब लोळले किंवा गढूळपणा दिसला, तर सगळं पेट्रोल काढून ताजं भरा. वाटी साफ करूनही चोक ओढल्यावरच चालू होत असेल आणि चोक सोडल्यावर बंद पडत असेल, तर जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) चोंदलाय.

एअर फिल्टर आणि उंदीर

फिल्टरचा डबा उघडाच. माझ्या कारच्या डब्यात एकदा काथ्या, सुपारीची सालं आणि भाताचं तूस यांचं पुरतं घरटं निघालं. उंदरांना बंद गाडी आवडते, आणि वायरींचं आवरणही. टॉर्च घेऊन इंजिनावरच्या सगळ्या बारीक वायरींवरून नजर फिरवा. हातमोजे मात्र घाला. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, आणि हाताला खरचटलेलं असेल तर तो जंतू तिथून शिरतो. कोकणात हे कुणाला नव्याने सांगायला नको. कागदी फिल्टर ओला झाला असेल तर बदला, त्याला तेल लावू नका.

तापल्यावरच रुसणारी गाडी

कुंभार्ली घाट चढून आलात, चहाला थांबलात आणि आता चालूच होत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप होते. हा दोष वेगळा. पेडल पूर्ण दाबून चालू झाली तर इंजेक्टर गळतोय. चावी दोन-तीन वेळा ऑन-ऑफ करून झाली तर पेट्रोलचा दाब उतरतोय. दोन्हींनी नाही, तर गरम झाल्यावर मरणारा क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे संगणकाला सांगणारा) किंवा कॉइल. हे गाडी गरम असतानाच मेस्त्रीला दाखवावं लागतं. थंड गाडी त्याच्या दारात शहाण्यासारखी वागते. जुन्या इंजिनात थंड असताना अवघड आणि गरम झाल्यावर सुरळीत असं असेल, तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) घट्ट झालेत का हेही बघायला सांगा.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात. ग्लो प्लगचं (थंड इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचं) नाव लगेच घेतलं जातं, पण किनाऱ्यावर थंडी ती कितीशी. जुन्या पिकअप सोडल्या तर तो मला पहिला संशयित वाटत नाही. रात्रभर उभी राहिल्यावर त्रास आणि दिवसभर ठीक, म्हणजे बहुधा डिझेलची लाइन हवा धरतेय: फिल्टरचं वायसर, पाइपचा क्लॅम्प. हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबून मग सेल मारा. फिल्टरखालच्या नळीतून पाणी काढा. नव्या कॉमन रेल इंजिनाचे जाड पाइप मात्र कधीही सैल करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची धार कातडी भेदून आत घुसते.

पाण्यात गेलेली गाडी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा गाड्या छतापर्यंत बुडाल्या. अशा गाडीला सेल मारायचाच नाही. एकदाही नाही. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर ढकलला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि धुऊन वाचू शकणारं इंजिन कायमचं जातं. वजा टर्मिनल काढा आणि गाडी ओढून न्या. ऑइलच्या काडीवर दुधाळ, कॉफीसारखा रंग दिसला तर आत पाणी गेलंय हे नक्की. वाळूत फिरवलेली किंवा फेरीबोटीच्या ओल्या डेकवर उभी केलेली गाडीही त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा.

दुसऱ्याच्या बॅटरीवर चालू करताना

लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी चांगल्या बॅटरीच्या वजाला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी पडते, ती बॅटरीजवळ नको. काढताना उलट क्रम.

विसर्जनानंतर गाडी गावीच ठेवून मुंबईला परतणार असाल तर निघायच्या दिवशी टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरणार नाही. कार्बोरेटरच्या गाडीचा पेट्रोलचा कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. बॅटरीचं वजा टर्मिनल काढून त्यावर फडकं गुंडाळा. ताडपत्री गाडीला घट्ट लपेटू नका, आतली ओल आतच राहते. खालून वारा खेळू द्या. शेजारच्या काकांकडे चावी देणार असाल तर त्यांना 'पाच मिनिटं चालू करून ठेवा' असं सांगू नका. तेवढ्यात बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साचतं. पंधरा दिवसांनी टर्मिनल लावून अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणा, म्हणावं, आणि परत उभी करताना टर्मिनल काढा.